दोन गाड्यांचा एक डोळा

आमच्या वहिनीला नाव आहे. लग्नाच्या कागदावर आहे, लाँड्रीच्या हजेरीपटावर आहे, दवाखान्याच्या कार्डावरही आहे. पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं मी गेल्या एकोणतीस वर्षांत ऐकलेलं नाही. घरात ती वहिनी, गल्लीत वहिनी आणि कामावरही वहिनीच. कामावरचं पाप माझं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे मी बॉयलर सांभाळतो. चोवीस वर्षांपूर्वी घडीच्या टेबलावर जागा निघाली तेव्हा मीच तिला तिथे घेऊन गेलो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ओरडलो, "वहिनी, तुझा डबा राहिला!" झालं. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिचे दीर होऊन बसले.

तिचा स्वतःचा मुलगासुद्धा तिला वहिनीच म्हणतो. ह्यात त्या पोराची काही चूक नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात आम्ही तिघे दीर होतो, मी सगळ्यात धाकटा, चौदा वर्षांचा. दिवसभर घरात एकच गजर चालायचा. वहिनी, माझा शर्ट. वहिनी, माझं पुस्तक. वहिनी, भूक लागली. बाळाच्या कानावर तेवढंच पडलं. शिवाय 'आई' हा शब्द आमच्या घरात मोकळा नव्हता. तो आमच्या आईने आधीच घेतलेला होता, आणि आमची आई हातातली वस्तू सहजासहजी सोडणारी बाई नव्हे. एकदा बाळ वहिनीकडे बघून 'आई' म्हणालं, तर आतल्या खोलीतून आमची आईच "काय रे सोन्या?" करत आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. सगळे हसले. मीही पोट धरून हसलो.

वहिनीने मात्र आल्या आल्या आम्हा तिघांची नीट वाटणी केली होती. थोरले भावजी, मधले भावजी, धाकटे भावजी. एकाला हाक मारली की दुसरा कधी उठला नाही. तिला गोंधळ मुळी सहनच होत नाही. चादरीची घडी घालताना काठाला काठ लागला नाही तर ती उलगडून पुन्हा घालणारी. ह्या काठाला काठ लावण्यापायीच तिची मनगटं गेली. चोवीस वर्षं, रोज तीन-चारशे चादरी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की घडीचं काम आता कायमचं बंद.

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, पण घडी न घालणाऱ्या बाईला लाँड्रीत बसवायचं कुठे? महिनाभर ते आज बघू, उद्या बघू करत राहिले. एक दिवस वहिनी बॉयलरपाशी आली आणि म्हणाली, "धाकटे भावजी, घरी बसून मी करू काय?"

"आराम कर," मी म्हटलं. "आयुष्यभर राबलीस."

"घर आईंचं आहे. मी दिवसभर तिथे असले की दोघींनाही अडचण. संध्याकाळीच घरी जाते म्हणून आजवर चाललंय."

मी "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला. पण ती काहीतरीच बोलत नव्हती. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा, बस चालवतो आणि घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. दोघे दीर आपापल्या संसाराला लागले, मुलगा परगावी नोकरीला. घरात उरलो मी, ती आणि आई. आई ब्याऐंशीची आहे आणि अजूनही फळीवर कुठला डबा कुठे हे तीच ठरवते. वहिनीने एकोणतीस वर्षांत तो डबा हलवलेला नाही.

नेमकी त्याच सुमारास लाँड्रीत गाडी आली.

गाडी म्हणजे आपली नेहमीची नव्हे. गुडघ्याएवढी उंच, सपाट, आपणहून चालणारी. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा पिंजरा ठेवायचा, की ती लांबलचक बोळातून लिफ्टपर्यंत जाणार, लिफ्टने वर जाणार, वॉर्डाच्या दारात उभी राहणार. तिच्या पुढच्या बाजूला एक काळी डबी होती, तो तिचा डोळा. ह्या गाडीसाठी भिंतीला एक संगणक लावला होता आणि त्याच्यापुढे कुणीतरी बसायला हवं होतं. इस्त्रीवाले म्हणाले आम्हाला जमणार नाही. मी तर बॉयलरच्या मागेच जाऊन उभा राहिलो. वहिनीने हात वर केला. तो हात तेव्हा मनगटापाशी पट्टीने गुंडाळलेला होता.

कंपनीकडून शिकवायला एक पोरगी आली होती. पंचविशीची, सतत घाईत, पण शिकवताना मात्र एकदम शांत. दुसऱ्या दिवसापासून तीही वहिनी म्हणायला लागली.

"वहिनी, ही लाँच फाइल," ती पडद्यावर बोट ठेवून सांगायची. "गाडी सुरू करताना कुणाकुणाला उठवायचं आणि कुणाला काय म्हणायचं, ते हिच्यात लिहिलेलं असतं. ज्यांना उठवायचं त्यांना नोड म्हणतात. एक नोड डोळा सांभाळतो, एक चाकं सांभाळतो, एक वाट शोधतो. प्रत्येकाला एक नाव."

नावं तिने वहिनीसाठी आपल्याच शब्दांत ठेवली होती, फक्त अक्षरं इंग्रजी. डोळा, चाक, वाट.

"आणि ही ओळ महत्त्वाची. हिला रिस्पॉन म्हणतात. म्हणजे नोड पडला तर त्याला पुन्हा उठव. पण लगेच नाही. दहा सेकंद थांबून."

"पडलेल्याला उठवायला दहा सेकंद कशाला?" वहिनीने विचारलं.

"श्वास घेऊ द्यायला," पोरगी म्हणाली.

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. माझ्या बॉयलरला एक काटा आहे. काटा लाल रेघेवर गेला की पळायचं, एवढं माझं शिक्षण. पण वहिनीने दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर फाइलमधली ओळ जशीच्या तशी उतरवायची, उजव्या पानावर आपल्या भाषेत अर्थ. रिस्पॉनच्या समोर तिने लिहिलं होतं, "पडला तर उठव, न रागावता." हे 'न रागावता' तिच्या पदरचं. तीन महिन्यांत गाडी तिच्या ताब्यात आली. मनगटाला त्रास नाही, बसून काम, आणि वॉर्डावरच्या सिस्टर फोन करून विचारायच्या, "वहिनी, गाडी कुठे पोचली?" हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मग पोरगी दुसऱ्या कंपनीत गेली आणि दोन नंबरची गाडी आली.

तिच्याबरोबर आला तो टायवाला. आमच्या तळघरात वाफेने भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे हा गळ्याला टाय बांधून यायचा. दोन नंबरच्या गाडीची वेगळी फाइल तो तयार घेऊन आला होता. चाकांची नावं, वाटेची नावं, सगळं एक नंबरपेक्षा वेगळं, कंपनीतूनच आलेलं. फक्त डोळ्याची डबी मागाहून, वेगळ्या खोक्यातून येणार होती. ती आठ दिवसांनी आली, गुरुवारी. टायवाला काही आला नाही. फोनवर म्हणाला, "सोपं आहे. एक नंबरच्या फाइलमधला डोळ्याचा मजकूर कॉपी करा, दोन नंबरच्या फाइलमध्ये टाका, वायरचा नंबर बदला. झालं."

साहेबांनी त्याआधीच जाहीर केलं होतं. येत्या सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस दोन्ही गाड्यांनी सगळ्या वॉर्डांना कपडे पोचवायचे, कुणाच्या हाताचा धक्का न लागता. जमलं तर गाड्या राहतील आणि वहिनीची जागा पक्की. नाही जमलं तर गाड्या परत जातील आणि वहिनी घरी.

गुरुवारी तिने तो मजकूर कॉपी केला तेव्हा मी मागेच उभा होतो. वहीत तिने सगळ्या ओळी आधी लिहून काढल्या होत्या आणि पेन्सिलने एकेकीपुढे खूण करत चालली होती. "वायर, बदलली. गाडीचा नंबर, बदलला. उंची, तीच. पडला तर उठव, आहे. दहा सेकंद, आहे. नाव, डोळा. बरोबर."

"बरोबर," मीही म्हटलं. डोळ्याला डोळा नाही म्हणायचं तर काय कान म्हणायचं? आमच्या लाँड्रीत दोघे इस्त्रीवाले आहेत, दोघांनाही सगळे इस्त्रीवालेच म्हणतात, आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने आधी एक नंबर सुरू केली, मग दोन नंबर. दोघींवर पिंजरे चढवले. आम्ही सगळे हातातलं काम टाकून बोळात उभे राहिलो. दोन नंबर मोठ्या दिमाखात निघाली. एक नंबर मात्र जागची हलेना. मग दोन नंबर अचानक थांबली, आणि एक नंबर निघाली. थोडं चालून ती थांबली, तर दोन नंबर पुन्हा निघाली. ती थांबली की ही, ही थांबली की ती. आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही, असा प्रकार. लिफ्टपर्यंत जायला एरवी चार मिनिटं लागायची, तिथे बराच वेळ गेला आणि दोघी अर्ध्या बोळातच. वरून सिस्टरांचे फोन सुरू झाले. शेवटी इस्त्रीवाल्यांनी पिंजरे ढकलत नेले.

आमच्याकडे मग शहाण्यांचं पेव फुटलं. एक इस्त्रीवाला म्हणाला, फरशी ओली आहे. दुसरा म्हणाला, लाइटचा प्रॉब्लेम. धुलाईवाली म्हणाली, "काही नाही, एकीला दुसरी खपत नाही." मी म्हटलं, माझ्या बॉयलरची वाफ डोळ्यांवर बसत असेल. म्हणून दोन्ही डब्या मऊ फडक्याने पुसल्या. काही फरक नाही. वहिनीने एक नंबर बंद करून एकटी दोन नंबर चालवली. सुतासारखी सरळ. दोन नंबर बंद करून एकटी एक नंबर चालवली. तीही तशीच. दोघी मिळून सुरू केल्या की पुन्हा तोच खेळ. एकेकटी शहाणी आणि दोघी मिळून वेड्या, हे कसं, ते कुणाच्याही डोक्यात शिरेना. वहिनी वहीचं पान पुढे उलटायची, मागे उलटायची. तिने काहीतरी चुकवलं आहे एवढं तिला कळत होतं, काय ते कळत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता. "मी एकेक ओळ बघितली हो भावजी," ती दोन-तीनदा म्हणाली.

दुपारी टायवाला आला. त्यानेही एकेक गाडी चालवून बघितली, मग दोन्ही, मग डोकं खाजवलं. बराच वेळ टकटक करून तो म्हणाला, "ही रिस्पॉनची ओळच काढून टाकू. सारखा उठवतोय म्हणून गोंधळ होतोय." आणि दोन्ही डोळ्यांच्या मजकुरातून त्याने ती ओळ काढली. एक नंबर सुरू केली, दोन नंबर सुरू केली. दोन नंबर छान चालायला लागली. एक नंबर मात्र थांबली ती थांबलीच.

"एक नंबरचा डोळा खराब आहे," टायवाल्याने निकाल दिला.

"सकाळी एकटी चालली तेव्हा चांगला होता," वहिनी म्हणाली.

"कधी कधी होतं असं."

"आता दोन नंबर बंद केली आणि एक नंबर पुन्हा सुरू केली तर?"

टायवाल्याने घड्याळाकडे बघितलं. तो साहेबांना एवढंच सांगून गेला की सोमवारी एकच गाडी चालवावी, आणि एका गाडीला वेगळा माणूस बसवायची गरज नाही, वॉर्डावरून बटण दाबता येतं. साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही वहिनींशी घरी बोलून घ्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलणार होतो? आणि त्या टायने त्याचा गळा आवळावा अशी माझी फार इच्छा होती, पण मी बॉयलरकडे वळलो.

घरी गेल्यावर वहिनीने पानं मांडली. आईने जेवताना विचारलं, "आज हिचं तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, गाडी बिघडलीय. आई म्हणाली, "मग दुरुस्तीला द्या." वहिनीने तिला भात वाढला.

शनिवारी सकाळी ती माझ्या आधी कामावर हजर. मी पोचलो तेव्हा तिने काढलेली ओळ पुन्हा घातली होती आणि दोन्ही गाड्या सुरू केल्या होत्या, पिंजरे न चढवता.

"अगं, काल त्याने काढली होती ना?"

"भावजी, असं बघा. उठवायची ओळ होती तेव्हा डोळा पडायचा आणि उठायचा. ओळ काढली, तर एकदाच पडला आणि पडूनच राहिला. म्हणजे ओळीचा काही दोष नाही. तो पडतोय कशाने, ते कुणी बघितलंच नाही." आणि हळूच म्हणाली, "त्याला कुणीतरी पाडतंय."

मला काही समजलं नाही. पण तिने पडद्याकडे बोट दाखवलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या आणि मधेच एक पिवळी ओळ येऊन पळत होती. वहिनीचं इंग्रजी म्हणजे अक्षर लावून वाचण्यापुरतं. ती ओळ वाचून होईपर्यंत ओळ गेलेली असायची. पण दहा सेकंदांनी तीच पुन्हा यायची, कधी ह्या गाडीकडून, कधी त्या. मग तिने घडीच्या टेबलावरची शिस्त लावली. एका फेरीला एकच शब्द. पहिली फेरी, पहिला शब्द, वहीत. दुसरी फेरी, दुसरा शब्द, वहीत. मी बाजूला उभा राहून "आली, आली!" ओरडायचं काम केलं. शेवटी तेरा-चौदा शब्दांची एक ओळ वहीत जमा झाली. पिवळी पेन्सिल नव्हती म्हणून तिने तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

चहाच्या सुट्टीत आम्ही मागच्या दारी पायरीवर बसलो आणि तिने मुलाला फोन लावला. तो परगावी इमारतींचे नकाशे काढतो. तिने एकेक शब्द अक्षरं सांगून वाचून दाखवला. फोन तिने मलाही ऐकू येईल असा लावला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्याचा अर्थ असा. नोडला बंद हो म्हणून निरोप आलाय. आणि कारण दिलंय की त्याच नावाचा नवा नोड नोंदवला गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे एका संगणकावर एका नावाचा एकच राहू शकतो. त्याच नावाने दुसरा आला की आधीच्याला बाहेर घालवतात. दोन्ही गाड्यांत एखादं नाव सारखं आहे का बघ."

मीच म्हटलं, "पण तो तर पुन्हा उठतो ना?"

"उठतो," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दहा सेकंदांनी उठतो. उठला की आता तो नवा, आणि दुसरा जुना. मग दुसऱ्याला बाहेर घालवतात. तो दहा सेकंदांनी उठतो."

"मग पुन्हा हा बाहेर?"

"पुन्हा हा बाहेर."

मी ते तीनदा समजून घेतलं आणि तिसऱ्यांदाही ते माझ्या हातून निसटलं. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हता, हे मला पटेना. दोघेही आपापलं काम करायला उठत होते, एवढंच. वहिनी मात्र चहाचा पेला हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. चहावर साय आली.

"वहिनी, आहेस ना?" फोनमधून आवाज आला.

"आहे रे. इथेच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही आत आलो. दोन्ही गाड्या बंद केल्या. तिने दोन नंबरची फाइल उघडली आणि नावाच्या ओळीवर बोट टेकवलं. "मी खूण केली होती," ती म्हणाली. "बरोबर म्हणून."

"मीही म्हटलं होतं बरोबर. टाक आता. डोळा एक, डोळा दोन."

"नुसते आकडे कशाला? घरातल्या माणसांना कुणी आकड्यांनी हाक मारतं का?" तिने एका फाइलमध्ये लिहिलं, थोरला डोळा. दुसऱ्या फाइलमध्ये, धाकटा डोळा. एकेक अक्षर शोधून, दुखऱ्या मनगटाने. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"तुम्हा तिघांना मी आल्या दिवशी नावं दिली होती, भावजी. थोरले, मधले, धाकटे. कधी गोंधळ झाला का?"

"नाही."

"थोरली आई, धाकटी आई. एवढं सोपं होतं. आपल्या घरात कुणाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं. मला वाटलं एका घरात एकच असते." ती रडली नाही. नुसती आश्चर्य वाटल्यासारखी बोलत होती, घडी उलगडल्यावर आत भलतंच काही निघावं तशी. "तो एकदा म्हणाला होता मला. वर्षाचा पण नव्हता."

ते मला आठवत होतं. मी हसलो होतो तेही आठवत होतं. मला इतकी लाज वाटली की मी बॉयलर बघून येतो म्हणून उठलो. काटा जागेवर होता.

गाड्या चालल्या. शनिवारी दुपारी दोघी एकदम निघाल्या, एक पुढे, एक मागे, आणि लिफ्टपाशी थोरली आत जाईपर्यंत धाकटी बाजूला थांबली. हो, एव्हाना सगळे त्यांना थोरली-धाकटीच म्हणायला लागले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस कुणी बोट लावलं नाही. मंगळवारी थोरलीचा डोळा एकदा खरोखर पडला, वायर सैल होती. सगळे श्वास रोखून उभे राहिले. दहा सेकंदांनी तो उठला आणि गाडी पुढे गेली. वहिनीने नंतर ती वायर घट्ट बसवली आणि वहीत लिहून ठेवलं. टायवाल्याने अहवालात 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिल्याचं कळलं. त्याला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. शिपाई ते घेऊन अख्ख्या लाँड्रीत फिरला. पाकिटावरचं नाव वाचून धुलाईवाली म्हणाली, अशी बाई इथे नाही. इस्त्रीवाले म्हणाले, वर वॉर्डात बघा. शिपाई बॉयलरपाशी आला, मी नाव वाचलं आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही कळलं नाही. मग कळलं. ते जागा पक्की झाल्याचं पत्र होतं. मी ते स्वतः नेऊन तिच्या हातात दिलं. तिने पाकिटावरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि पाकीट वहीत ठेवलं.

त्याच दिवशी मी पुतण्याला फोन केला. काय बोललो ते नीट सांगता येणार नाही, कारण मला काय सांगायचंय ते माझं मलाच धड माहीत नव्हतं. डोळ्याचं सांगितलं, थोरल्या-धाकट्याचं सांगितलं, मग लहानपणीचं सांगितलं. तो नुसता "हं, हं" करत होता. शेवटी म्हणाला, "काका, पण आता कसं जमणार? जीभच वळणार नाही." मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी बॉयलरवाला." आणि फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी तो आला. मी पेपर वाचत बसलो होतो. वहिनी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून, कढईत काहीतरी परतत होती. आई आतल्या खोलीत पलंगावर. त्याने दारात बूट काढले, पिशवी खाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता, जरा मोठ्यानेच हाक मारली.

"आई!"

"आले रे सोन्या," आतल्या खोलीतून आमच्या आईचा आवाज आला. पाठोपाठ काठी टेकल्याचा आवाज.

वहिनीने मान वळवली नाही. उलथणं चालूच होतं. तिने हाक ऐकली नव्हती असं नाही. ती तिच्यासाठी नव्हती, एवढंच.

पोरगा गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी पेपर वर केला. त्याने पुन्हा हाक मारली, ह्या वेळी हळू. "आई."

"अरे, आले म्हटलं ना. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो." काठी टेकत टेकत आमची आई दारापर्यंत येऊन पोचली. "काय म्हणतोस?"

"तुला नाही, आई," तो म्हणाला.

"मला नाही?" आईला खरंच काही कळेना. तिने मागे वळून बघितलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. "मग कुणाला?"

स्वयंपाकघरातलं उलथणं थांबलं. मी पेपरच्या आड मनातल्या मनात मोजत होतो, का कोण जाणे. सात, आठ, नऊ.

"मला, आई," वहिनी म्हणाली. "मला बोलावतोय तो."